निघालं तेवढं

मोजपात्रातलं तेल एकशे नव्वद मिलिलिटरच्या रेघेवर थांबलं आणि पुढे चढेना. मी वाट पाहिली. जुनं तेल आळशी असतं, नळीच्या कडेकडेने उतरायला वेळ घेतं, हे मला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं हेच करतोय. स्ट्रट, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारी तेलाची नळी, उलटा धरून मी त्याचा रॉड चारदा आतबाहेर केला, बुडावर तळहाताने थापट्या मारल्या, तान्ह्या मुलाला ढेकर यावी म्हणून मारतात तशा. आणखी दोन थेंब पडले. एकशे नव्वद. शेजारी बाकावर डाव्या बाजूचं मोजपात्र उभं होतं, त्यात तीनशे अठरा. दोन्हीकडे तेच तेल, तोच मधासारखा गडद रंग, तोच किंचित जळका वास. एकाच गाडीचे पुढचे दोन स्ट्रट, एकाच दिवशी एकाच बाटलीतून भरलेले. मी दोन्ही पात्रं जवळजवळ ठेवली आणि चक्क हसलो. म्हटलं, गळलं असणार. बावीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी, तिचं काय काय गळलं नसेल.

मग मी पांढरं फडकं घेतलं. उजव्या स्ट्रटच्या मानेपासून, जिथे रॉड सीलमधून बाहेर येतो तिथून, खाली चाकाच्या पट्टीपर्यंत ते दाबून फिरवलं. फडक्यावर धूळ आली, पिठासारखी कोरडी, फुंकर मारली की उडणारी. गळलेल्या तेलावर धूळ बसली की तिचं काळं कीट होतं, ते नखाने खरवडावं लागतं. इथे खरवडायला काहीच नव्हतं. सील असं कोरडं होतं की मला आमच्याच कामाचा अभिमान वाटावा. तरी मी मागे शेडमध्ये गेलो, गाडी जिथे उभी होती तिथे उकिडवा बसलो आणि फरशी पाहिली. मधोमध इंजिनाचा एक जुना डाग होता. उजव्या चाकाखाली काही नव्हतं. मी तिथे तळहात टेकवला, का ते माहीत नाही. फरशी गार होती आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की गार माझा हात आहे. जे बाहेर गेलं नाही ते आत कधी आलंच नव्हतं. त्या स्ट्रटमध्ये पहिल्यापासून एकशे नव्वदच होतं, आणि ते भरलं होतं मी.

सकाळी माझ्यापुढे प्रश्न होता तो किती साधा होता. तेल कुठलं घालायचं, एवढाच. बाकावर दोन बाटल्या काढून ठेवल्या होत्या, एक पातळ तेलाची, एक थोड्या जाड. जुन्या स्ट्रटच्या आतली झडप झिजलेली असते, तिच्यातून पातळ तेल भराभर निसटतं, म्हणून हात आपोआप जाड बाटलीकडे जातो. जाड घातलं की गाडी थोडे दिवस ताठ चालते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि थंडीतल्या पहिल्या सकाळी तीच गाडी दगडासारखी आपटायला लागते. बाबा जाड तेलवाल्यांची फार टर उडवायचे. म्हणायचे, "म्हाताऱ्याला घट्ट कोट घातला म्हणून तो तरुण दिसत नाही, नुसता गुदमरतो." तेव्हा पातळच घालायचं, झडपेच्या चकत्या मात्र बदलायच्या, असं मी चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं. आणि किती घालायचं हा तर प्रश्नच नव्हता. ते समोर भिंतीवर लिहिलेलं आहे, बाबांच्या हाताने, पांढऱ्या रंगात, गाड्यांची मॉडेलं आणि पुढे आकडे. वरून पहिली ओळ याच गाडीची. तीनशे वीस. मी रोज तिच्याखाली उभा राहून काम करतो. गॅरेजातला कुठलाही माणूस झोपेत म्हणेल ती ओळ, आणि मला आज दुपारी पहिल्यांदा असं वाटलं की ही ओळ पहिली का.

कारण त्या मॉडेलची दुसरी गाडी आमच्याकडे कधी आलीच नाही. एकच होती, आमची, आणि ती मागे ताडपत्रीखाली होती. बाबांनी मरेपर्यंत तिला कोणाला हात लावू दिला नाही. मग जी गाडी उघडायचीच नाही तिच्या तेलाचा आकडा भिंतीवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात कशाला लिहायचा. मी बाकाची कड धरून उभा राहिलो. डोकं रिकामं झालं होतं आणि त्या रिकाम्या डोक्यात नळाचा आवाज येत होता, चालू सोडलेल्या नळाचा. गॅरेजातला नळ तर बंद होता. मी जाऊन पाहून आलो.

त्या काळी भिंतीवर काही नव्हतं. त्या काळी आमच्याकडे एकच नियम होता आणि तो बाबांचा होता: निघालं तेवढं घालायचं. जुनं तेल पात्रात काढा, रेघ बघा, नवं त्याच रेघेपर्यंत ओता. पुस्तकं बघत बसू नका, पुस्तकं लिहिणाऱ्याने ही गाडी पाहिलेली नाही. नियम मला आवडायचा, त्यात एक प्रकारचा सभ्यपणा होता, गाडीने जे दिलं ते तिला परत करायचं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि बाबांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी पान्याइतका ठोस. त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून घरच्या गाडीचे पुढचे स्ट्रट उघडले. डावा त्यांनी घेतला, उजवा मी. उजवा गळत होता, म्हणून तर उघडले होते. हे वाक्य मी आज चारदा मनात म्हणून पाहिलं. उजवा गळत होता. गळक्या भांड्यात जेवढं उरलं होतं तेवढं मी इमानेइतबारे मोजलं आणि नवं सील बसवून तेवढंच परत भरलं. आणि ओतण्याआधी विचारलंही होतं. "बाबा, किती?" ते गाडीच्या पलीकडच्या अंगाला वाकलेले होते, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "निघालं तेवढं." दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डाव्याला नियम बरोबर लागू पडला, म्हणून आम्हाला वाटलं तो उजव्यालाही पडला. संध्याकाळी बॉनेटचा कोपरा दाबून पाहिला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. बाबा म्हणाले, "झकास."

झकासच वाटते ती. कमी तेलाची हीच लबाडी आहे. जास्त भरलं तर लगेच कळतं, आत हवेला जागा उरत नाही, रॉड खाली यायला बघतो आणि तेल काही दबत नाही, मग सील फुटून सगळं बाहेर. कमी भरलं तर पहिले चार खड्डे काही कळत नाही. मग झडप तेलाबरोबर हवाही ओढायला लागते, आतल्या आत फेस होतो, आणि पाचव्या खड्ड्याला त्या चाकाला धरायला कोणी नसतं. नव्या माणसांना मी हे शिकवतो. हातात पात्र धरून, फेस दाखवून शिकवतो, आणि शिकवताना माझा आवाज बाबांसारखा होतो असं बायको म्हणते.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही मावशीकडे निघालो होतो. दादा चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी मागे. बाबा गॅरेजात थांबले होते. तलावाकाठचा रस्ता त्या वर्षी खराब होता, वळणाच्या आधी लांबवर नुसती खड्ड्यांची रांग. मी आणि दादा सकाळपासून भांडत होतो, कशावरून ते आता आठवत नाही, असल्या भांडणांना कारण लागत नाही. तो नकाशे काढायच्या कचेरीत नुकता लागला होता आणि मला तो शहाणपणा शिकवतो असं वाटायचं. आईने मांडीवरची पिशवी सावरली आणि म्हणाली, "दोघंही गप्प बसा, मला तलाव बघू दे." मग वळण आलं. पुढचं उजवं चाक दोनदा उडालं. धप्प, आणि लगेच पुन्हा धप्प. माझ्या पायांखालून ते जाणवलं होतं, तळव्यांना. मी आज शपथेवर सांगू शकतो की ते मला जाणवलं होतं. मग गाडी वळायची ती वळलीच नाही, सरळ गेली, आडवी झाली, आणि आईच्या बाजूचं दार झाडाला लागलं. तलाव तिच्याच बाजूला होता.

चौकशीला आलेल्या माणसाने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दादा वेगात होता." मी खोटं बोललो असं नाही. तो थोडा वेगात असेलही, तो नेहमीच थोडा वेगात असायचा. पण धप्पचं मी काही बोललो नाही. ते माझ्या तळव्यांतच राहिलं. दादा मात्र बोलला. दवाखान्याच्या बाकावर बसून, कपाळाला पट्टी, तो येईल त्याला एकच सांगत होता, "गाडी पुढून उडत होती. मी वळवली, ती वळली नाही." लोकांनी ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं. चालवणारा दुसरं काय म्हणणार. मावशी तर तोंडावर म्हणाली, "गाडीला कशाला नावं ठेवतोस." नंतर त्याने ते वाक्य सोडून दिलं. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, निदान आता सारवासारव तरी थांबली.

नळाचा आवाज कुठला ते मला तेव्हा, म्हणजे आज तीनच्या सुमाराला, आठवलं. आई गेल्यावर बारातेरा दिवसांनी बाबा पुन्हा गॅरेजात आले. काम काही केलं नाही, नुसते इकडची वस्तू तिकडे ठेवत होते. दुपारी नळाखाली हात धुता धुता त्यांनी पाठमोरंच विचारलं, "त्या उजव्यात किती घातलं होतंस?" मी म्हणालो, "निघालं तेवढं." "ते किती होतं?" "नक्की लक्षात नाही. दोनशेच्या आत असेल."  हात स्वच्छ झाले होते तरी बाबा ते पाण्याखाली धरून उभे होते, पाणी नुसतं वाहत होतं, आणि पाणी वाया घालवलेलं त्यांना अजिबात खपत नसे. बाहेरून हॉर्न वाजला. दादा गॅरेजची व्हॅन घेऊन त्यांना जेवायला घरी न्यायला आला होता. आई गेल्यावरही ते दोन आठवडे सगळी नेआण तोच करत होता, कारण दुसरं कोणी उठतच नव्हतं. बाबांनी नळ बंद केला, म्हणाले, "बरं," आणि गेले. महिनाभरात भिंतीवर आकडे आले. आम्ही कामाची माणसं आपसात म्हणालो, बायको गेल्याच्या दुःखाने माणूस चिकित्सक झाला. नियम बदलला तेव्हा मी विचारलं होतं, "का हो बाबा, निघालं तेवढं चालायचं की." त्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि म्हणाले, "नाही चालत."

इतकं उघड होतं. बावीस वर्षं माझ्या नाकासमोर, पांढऱ्या रंगात. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते भिंतीला सांगितलं. मला नाही, दादाला नाही. आता यात त्यांनी मला वाचवलं, की स्वतःला, की गॅरेजला, हे मी कोणाला विचारू. नियम त्यांचा होता, हात माझा होता. मूग गिळून बसण्यात दोघांचाही फायदा होता आणि तोटा तिसऱ्याच्या वाट्याला गेला होता. मला बाबांचा राग येत नव्हता. यायला हवा होता, पण तो यायला आत काहीतरी जागेवर असावं लागतं. मी नुसता पात्रांकडे बघत होतो. एकात तेल उंच, एकात बुटकं.

पावणेचारला मी एकशे नव्वदचं पात्र उचललं. दादा चारला येणार होता. तो काल आलाय, घरी उतरलाय, बाबांचं कपाट आवरायचं म्हणून. चार महिने झाले त्यांना जाऊन. गाडी चालती करायची हेही त्याचंच म्हणणं. फोनवर म्हणाला होता, "विकू नकोस. आधी ती चालते का बघ." स्वतः त्याने बावीस वर्षांत कुठलीच गाडी चालवलेली नाही, बसने येतो, बसने जातो, थांब्यापासून तीन किलोमीटर चालत जाऊन नकाशे काढतो. वाया गेलेल्या तेलाचं पिंप दाराशीच असतं. मी त्याचं झाकण काढलं. ओतलं की झालं, दोन स्ट्रट, नव्या चकत्या, नवी सीलं, दोन्हीत तीनशे वीस, आणि जगात कोणालाही कधीही काहीही कळलं नसतं. पात्र तिरपं झालं, तेल तोटीपर्यंत आलं. तेवढ्यात फाटक वाजलं. दादा आला म्हणून मी थांबलो, की थांबणारच होतो, हे मला सांगता येणार नाही. सांगता यावं अशी फार इच्छा आहे.

"काय बारक्या, कुठवर आलं?" दादा आत आला. चालून आल्यामुळे घाम होता, चष्मा काढून शर्टाला पुसला. गाडी पुढून स्टँडवर उचललेली, दोन्ही चाकं काढलेली, तिच्याकडे त्याने लगेच पाहिलं नाही. खिशातून एक छोटं पुस्तक काढून बाकावर ठेवलं. "हे बघ काय सापडलं. बाबांच्या कपाटात, आईच्या चष्म्याच्या डबीखाली."

त्याचं लायसन्स होतं. फोटोत केस भरपूर.

"मला वाटलं होतं फाडून टाकलं असेल," तो म्हणाला. "जपून ठेवलं होतं रे." तो खरंच खूश होता. म्हाताऱ्याने कुठेतरी माया ठेवली होती, असा अर्थ त्याने घरून चालत येता येता लावला असणार. मग त्याला पात्रं दिसली. एक बाकावर, एक माझ्या हातात. "हे काय, दोन्हीकडे सारखं नसतं का?"

"सारखं असतं," मी म्हणालो. मग सांगितलं. फार शब्द लागले नाहीत, मला वाटलं होतं लागतील. गळत होता, मोजलं, तेवढंच घातलं, आणि त्या वळणावर चाक दोनदा उडालं ते मलाही जाणवलं होतं. शेवटचं मी दोनदा सांगितलं.

दादा बराच वेळ पात्राच्या रेघेकडे बघत राहिला. वाकून, डोळा रेघेच्या पातळीत आणून, तो कचेरीत बघत असेल तसा. "एकशे नव्वद," तो म्हणाला.

"हो."

"आणि हवं किती?"

मी भिंतीकडे बोट केलं. त्याने वाचलं. अक्षर ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं, आधी गालावरचं, मग ओठांवरचं. "बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं होतं मला. किती घातलंस म्हणून."

"कधी?"

मला कळलं तो काय विचारतोय. नकाशेवाला माणूस, त्याला आधी काय आणि नंतर काय ते लागतं. लायसन्स बाबांनी त्याच पंधरवड्यात मागून घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. "आण ते इकडे. आता पुरे," एवढंच म्हणाले होते आणि शर्टाच्या खिशात टाकलं होतं. दादाने निमूट दिलं होतं. मी ताटात बघत होतो आणि मला बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो. आता मी एवढंच म्हणायला हवं होतं की विचारलं ते नंतर, आकडे रंगवायच्या आदल्या दिवशी. बापाच्या नावावर एवढं तरी सोडता आलं असतं. दादाही त्याची वाट बघत होता असं मला वाटलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी आईच्या तोंडाकडे बघायचा तसा.

"लायसन्सच्या आधी," मी म्हणालो. "त्या दिवशी तूच त्यांना न्यायला आला होतास. व्हॅन घेऊन. हॉर्न वाजवलास."

 बाकावरचं लायसन्स त्याने उचललं, उघडलं, मिटलं, परत ठेवलं. मग गाडीपाशी गेला. पुढे चाकं नव्हती, स्ट्रटच्या जागी दोन भोकं होती, तरी त्याने चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसला. मी पाहिलं, त्याचे पाय आपोआप पेडलांवर गेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो शेजारच्या सीटकडे बघत होता. मी जवळ गेलो नाही. माझ्या हातात अजून ते पात्र होतं आणि ते खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

"दादा," मी म्हणालो.

"आत्ता बोलू नकोस." त्याचा आवाज अगदी सपाट होता. त्याने हँडल फिरवून काच खाली केली, जड जात होती, अर्ध्यावर अडकली. "किती दिवस लागतील?"

"दोन."

"मग मी दोन दिवस राहतो," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "तू गाडी जोड. तुझ्याशी काय बोलायचं ते मी तिला त्या वळणावरून एकदा नेऊन आणली की बोलेन. आणि भरताना मला हाक मार. तेल मी मोजणार."